नवा कॉम्प्युटर घेण्याआधी घरातला जुना तपासा: हलक्या लिनक्सची सात दिवसांची चाचणी



कोराडी, महादुला, खापरखेडा, कामठी या पट्ट्यातून जे लोक व्यवसायाचं नियोजन घेऊन येतात, त्यांच्या खर्चाच्या यादीत एक ओळ हमखास असते: "कॉम्प्युटर, ३५,००० रुपये." कोणाला डबे पुरवायचे असतात, कोणाला नवरात्रात देवीच्या मंदिरापाशी पूजेच्या साहित्याचं दुकान लावायचं असतं, कोणाला मजूर पुरवण्याचा ठेका घ्यायचा असतो. धंदा कोणताही असो, ही ओळ असतेच. आणि घरी कॉम्प्युटर नाही का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आहे जी, पण भल्ला हळू चालून राहिला. चालू करा अन् चहा पिऊन या."

आजचा लेख त्याच, चहा पिऊन या म्हणणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल आहे. त्यावर हलकं लिनक्स टाकून तो तुमच्या धंद्याच्या कामाचा होतो का, हे एका पेन ड्राइव्हवर आणि एका आठवड्यात कसं तपासायचं, ते बघू. होत असेल तर भांडवल वाचलं. होत नसेल तर तेही कळलं, आणि मग नवा घेताना मनात शंका राहणार नाही.

आधी पैशाचं गणित

समजा, तुमच्याकडे सुरुवातीचं भांडवल एक लाख आहे. नवा कॉम्प्युटर ३५,००० चा घेतला, तर एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम पहिल्याच दिवशी टेबलावर जाऊन बसली. जुन्यालाच नवी एसएसडी, थोडी रॅम आणि साफसफाई मिळून समजा ४,००० लागले, तर ३१,००० हातात राहिले. डबेवाल्यासाठी तो काही आठवड्यांचा किराणा आहे. दुकानदारासाठी ते गाळ्याचं भाडं आहे. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही दुकानात भाव विचारा आणि तुमचे आकडे मांडा, पण मांडा नक्की.

आता दुसरी बाजू. जुना कॉम्प्युटर आहे तसाच वापरायचा म्हटलं, तर दोन अडचणी येतात.

पहिली सुरक्षेची. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तेवढे सोडले, तर बाकीच्यांना नवीन दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा कॉम्प्युटरवरून धंद्याच्या खात्याचं नेटबँकिंग करणं म्हणजे दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून घरी जाणं. "मग विंडोज ११ टाकू," असं तुम्ही म्हणाल. त्याला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. घरातला कोअर टू ड्युओ किंवा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री या यादीत बसत नाही.

दुसरी अडचण कायद्याची. पुष्कळ जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज कॉपी करून टाकलेलं असतं. घरात चालून गेलं म्हणून धंद्यात चालेल असं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे माहीत असून ते वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत आणि दंड ५०,००० पासून २ लाखांपर्यंत. धंदा पहिल्या दिवसापासून स्वच्छ कागदावर उभा राहावा, म्हणूनही लिनक्सचा विचार करण्यासारखा आहे. ते फुकट मिळतं आणि फुकट वापरणं पूर्णपणे कायदेशीर आहे.

लिनक्स, डिस्ट्रो, हलकं: हे शब्द काय आहेत

लिनक्स हे मुळात कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधलं इंजिन. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये सुरू केलं. या इंजिनाभोवती मेनू, खिडक्या, ब्राउझर, ऑफिस असं सगळं बांधून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रिब्युशन, बोलताना डिस्ट्रो म्हणतात. नागपूरच्या भाषेत सांगायचं तर पोहे सगळीकडे पोहेच. तर्री आणि वाढायची पद्धत ठेल्यागणिक वेगळी.

हलकी डिस्ट्रो म्हणजे जिची स्वतःची भूक कमी असते. खिडक्यांची चमकधमक कमी, मागे चालणारे प्रोग्रॅम कमी. त्यामुळे रॅम तुमच्या कामासाठी शिल्लक राहते.

हे नवीन नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात इथल्या छोट्याशा शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हातात जे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, त्यांत रॅम होती फक्त २५६ एमबी आणि साठवणीला १ जीबी. आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी. त्यावर चालत होतं ते फेडोरावर आधारलेलं लिनक्स आणि मुलांसाठी बनवलेला 'शुगर' नावाचा डेस्कटॉप. मशीन लहान असलं तरी त्याच्या मापाची प्रणाली दिली की काम होतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

पण एक गोष्ट आताच स्पष्ट सांगतो, कारण बरेच व्हिडिओ ती सांगत नाहीत. हलकं लिनक्स प्रणाली हलकी करतं, वेबसाइट हलकी करत नाही. प्रणाली स्वतः अर्ध्या जीबीच्या आसपास रॅममध्ये भागवेल. पण ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप वेब, जीमेल, बँक आणि यूट्यूब एकदम उघडलं, की ते चौघं मिळून दीड-दोन जीबी सहज खातात, मग खाली विंडोज असो की लिनक्स. म्हणून २ जीबीच्या मशीनवर एका वेळी दोन-तीन टॅब, ही शिस्त लागणारच. जुन्या प्रोसेसरवर यूट्यूबचा १०८० चा व्हिडिओ अडखळतो, ४८० वर तोच बहुधा नीट चालतो. आपल्या चॅनलवरचे व्हिडिओही ४८० वर लावा, काही बिघडत नाही.

पायरी १: कामांची यादी करा

कॉम्प्युटर उघडण्याआधी एक कागद घ्या. तुमच्या धंद्यात कॉम्प्युटरवर कोणती कामं होणार, ती लिहा आणि पैसे आणणाऱ्या कामासमोर गोल काढा.

आता यादी दोन भागांत वाटा.

*ब्राउझरमध्ये होणारी कामं:* उद्यम नोंदणी (ही सरकारी पोर्टलवर मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका), जीएसटी पोर्टल, नेटबँकिंग, ईमेल, व्हॉट्सअॅप वेब, गूगल शीट. ही लिनक्सवर फायरफॉक्स किंवा क्रोममधून तशीच होतात. पत्रं, कोटेशन, बिलं, हिशेबाच्या शीट, पीडीएफ यांसाठी लिब्रेऑफिस पुरेसं आहे. ते वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतं. मात्र मॅक्रो असलेली गुंतागुंतीची एक्सेल शीट कधी कधी बिघडते, ती आधी उघडून बघा.

*विंडोज मागणारी कामं:* इथे लक्ष द्या.

- टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. तुमचा सीए टॅलीचाच डेटा मागत असेल, तर आधी त्याच्याशी बोला. धंदा लहान असेल तर शीटवरचा हिशेबही बऱ्याच जणांना चालतो.
- डीटीपी आणि पत्रिका छपाई. कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपी यांवर धंदा असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. गिंप, इंकस्केप, स्क्रायबस चांगले आहेत, पण छापखान्याशी फाइलींची देवाणघेवाण करताना अडेल.
- बोटाचा ठसा घेणारं मशीन. सेवा केंद्र किंवा आधारवर आधारित व्यवहार करायचे असतील, तर त्या मशीनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे विक्रेत्याला आधी विचारा. मोबाइल आणि विंडोज हाच तिथला नेहमीचा मार्ग आहे.
- प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज लागतात, एप्सनच्या शाईटाकीवाल्या पुष्कळ मॉडेलनाही ड्रायव्हर मिळतो. पण झेरॉक्सच्या दुकानादुकानांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० वेगळ्या पद्धतीने बोलतो. त्याला लिनक्सवर चालवणं किचकट काम आहे. नवीन माणसाने त्यात आठवडा घालवू नये.

गोल काढलेलं काम दुसऱ्या भागात आलं, तर हा लेख तुमच्या मुख्य कॉम्प्युटरसाठी नाही. जुनं मशीन बिलिंगला किंवा मुलांच्या अभ्यासाला वापरा आणि धंद्यासाठी विंडोजचं मशीन घ्या. एवढं कळलं तरी तुमचा रविवार वाचला.

पायरी २: मशीनची तब्येत बघा

विंडोज अजून उघडत असेल तर 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. तीन गोष्टी लिहून घ्या: रॅम किती, प्रोसेसर कोणता, प्रणाली ३२ बिट की ६४ बिट. एक बारकावा: प्रणाली ३२ बिट दिसली म्हणून प्रोसेसर ३२ बिटच असतो असं नाही. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिट आहेत, पूर्वी त्यावर ३२ बिट विंडोज टाकलेलं असायचं इतकंच. त्याच पानावर 'सिस्टम टाइप'च्या ओळीत प्रोसेसर '६४ बेस्ड' लिहिला असेल तर तुमचं मशीन ६४ बिट प्रणाली घेऊ शकतं.

मग डबा उघडा किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घ्या. आपल्याकडे वीज केंद्राच्या परिसरात बारीक राख-धूळ घरात येते आणि ती पंख्यावर थराने बसते. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर. गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. लोक म्हणतात कॉम्प्युटर जुना झाला, आणि प्रत्यक्षात पंखा चोंदलेला असतो. ब्लोअरने धूळ काढणं आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, हे आधी करा.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, तोही बदला. तो संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची, सरकारची वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाही. लोकांना वाटतं लिनक्स बिघडलं. दोष असतो छोट्याशा सेलचा.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले किंवा हार्ड डिस्क टक टक आवाज करत असली, तर त्या मशीनवर फार पैसे घालू नका. टक टक करणाऱ्या डिस्कवरचे फोटो आणि कागद आधी दुसरीकडे उतरवा.

पायरी ३: डिस्ट्रो निवडा, एकच

इंटरनेटवर शेकडो डिस्ट्रो आहेत. रोज नवीन टाकून बघण्याचा छंद लागतो आणि मग धंदा राहतो बाजूला. तुमचा वेळ हेही भांडवलच आहे. म्हणून एक निवडा, एक राखीव ठेवा. बस्स.

- रॅम ४ जीबी किंवा जास्त, ६४ बिट: लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे, म्हणजे विंडोज वापरलेल्या माणसाचा हात आपोआप बसतो. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्याने शक्यतो इथूनच सुरुवात करावी.
- रॅम २ जीबी, ६४ बिट: लुबंटू किंवा एमएक्स लिनक्स. लुबंटूमध्ये एलएक्सक्यूटी नावाचा हलका डेस्कटॉप आहे. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ३ वर्षं अपडेट मिळतात, म्हणजे २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत. डाउनलोड करताना त्या वेळची नवी दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या. एमएक्स डेबियनवर आधारलेलं आहे आणि जुन्या मशीनवर त्याचं चांगलं नाव आहे.
- रॅम १ जीबी किंवा कमी, किंवा प्रोसेसर खरोखर ३२ बिट: अँटीएक्स. हे फार कमी रॅमवर चालतं, पण दिसायला साधं आहे आणि शिकायला वेळ घेतं. ३२ बिटचं दार हळूहळू बंद होत चाललं आहे. ज्यावर पुष्कळ डिस्ट्रो उभ्या आहेत त्या डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणून अशा मशीनवर धंद्याची भिस्त ठेवू नका. टायपिंग, बिलं, स्टॉकची यादी, एवढंच काम द्या.

पपी लिनक्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते सगळं रॅममध्ये उतरून झपाझप चालतं. पण त्यात वापरकर्ता नेहमी सर्वाधिकार घेऊनच काम करतो. बंद पडलेल्या मशीनमधून फाइल काढायला ते उत्तम, धंद्याच्या बँकिंगला नको.

पायरी ४: पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

आता गंमत बघा. लिनक्स टाकण्याआधी ते चालवून बघता येतं, तेही जुन्या विंडोजला हात न लावता. याला लाइव्ह मोड म्हणतात.

१. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. तो पूर्ण पुसला जाणार आहे, म्हणून आतलं काही हवं असेल तर आधी काढून ठेवा.

२. डिस्ट्रोच्या अधिकृत वेबसाइटवरूनच आयएसओ फाइल उतरवा. बहुतेक आयएसओ २-३ जीबीच्या असतात, तेव्हा मोबाइल डेटाचा अंदाज घ्या. कोणी तयार पेन ड्राइव्ह विकत असेल तर घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही.

३. मित्राच्या चालू कॉम्प्युटरवर रुफस किंवा बलेना एचर हा मोफत प्रोग्रॅम घ्या. आयएसओ निवडा, पेन ड्राइव्ह निवडा, सुरू करा. निवडताना पेन ड्राइव्हच निवडलाय ना, हे दोनदा बघा.

४. जुन्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावा आणि चालू करतानाच बूट मेनूची की दाबत राहा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९, एफ११, एफ८ किंवा एस्केप असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

५. डेस्कटॉप उघडला की "इन्स्टॉल" चिन्हाला हात लावू नका. आधी तपासणी.

डेस्कटॉपला वायफाय नसेल तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक वेळा लिनक्स लगेच इंटरनेट ओळखतं.

मग क्रमाने बघा: आवाज येतो का? स्क्रीन पूर्ण मापाची दिसते का? प्रिंटर एक पान छापतो का? व्हॉट्सअॅप वेब, बँक आणि जीएसटी पोर्टल उघडतात का? तुमची नेहमीची एक्सेल फाइल नीट दिसते का? लाइव्ह मोडमध्ये केलेलं काम मशीन बंद केल्यावर राहत नाही, त्यामुळे निर्धास्त प्रयोग करा. आणि वेगावरून आताच मत बनवू नका. पेन ड्राइव्हवरून सगळं सावकाश उघडतं, खरा वेग इन्स्टॉल केल्यावरच कळतो.

मराठी टायपिंगचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीची मांडणी असते. इन्स्क्रिप्ट शिकला असाल तर बोटं तशीच चालतील, कारण ही मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे एकच. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी 'कगप फोनेटिक' मांडणी आहे. देवनागरीसाठी नोटो किंवा लोहित फॉन्ट असतात, नसले तर मोफत टाकता येतात.

अडचण येते ती जुन्या फाइलींची. कृतिदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फॉन्ट गेला की वेष गळून पडतो. अशा फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि एकदा वाचून तपासा, जोडाक्षरं हमखास हुकतात. यापुढे सगळं युनिकोडमध्येच टाइप करा. तेच व्हॉट्सअॅपवर, ईमेलमध्ये आणि सरकारी पोर्टलवर चालतं.

पायरी ५: इन्स्टॉल करा, पण परतीची वाट ठेवा

लाइव्ह मोडमध्ये काम जमलं, तर पुढे जा. माझा आग्रह एका पद्धतीचा आहे: जुनी हार्ड डिस्क काढा, कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. तिच्या जागी नवी एसएसडी लावा आणि लिनक्स त्यावर टाका.

यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे जुनं विंडोज, फोटो, कागदपत्रं सगळं जसंच्या तसं सुरक्षित. जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावली की मशीन पूर्वीसारखं. दुसरं म्हणजे जुन्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा फरक एसएसडीनेच पडतो. फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक फाइलसाठी काटा हलवावा लागतो, एसएसडीला नाही. १२० किंवा २४० जीबीची साधी साटा एसएसडी कोअर टू ड्युओलाही लागते. रॅम घेताना मात्र जपून. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जा.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात, पण नवख्या माणसाकडून विभाग करताना डेटा उडण्याची भीती असते. धंद्याची कागदपत्रं पणाला लावू नका.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच दिवशी तीन कामं: सगळे अपडेट घ्या, चांगला पासवर्ड ठेवा, आणि हिशेबाची फाइल दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा वार ठरवा. लिनक्स असलं म्हणून डिस्क बंद पडणार नाही असं नाही.

पायरी ६: सात दिवसांचा हिशेब

एका वहीत चार रकाने आखा: तारीख, काम, झालं की अडलं, किती मिनिटं. सात दिवस सगळी कामं याच मशीनवर करा. पहिले दोन दिवस हात अडखळेल, तो शिकण्याचा वेळ आहे. तिसऱ्या दिवसापासूनच्या नोंदी खऱ्या धरा.

आठवड्याअखेर निकाल असा लावा:

- गोल काढलेलं काम, म्हणजे पैसे आणणारं काम, बिनअडथळा झालं आणि बाकीच्यांपैकी एखादं अडलं, तर मशीन ठेवा. अडलेलं काम महिन्यातून एकदा बाहेरून करून घ्या.
- पैसे आणणारं काम अडलं, तर बाकी कितीही छान चालत असलं तरी थांबा. एसएसडी वाया जात नाही, ती दुसऱ्या मशीनला लागते.
- सगळं चालतं पण गिऱ्हाईक समोर उभं असताना बिल निघायला पाच मिनिटं लागतात, तर तेही अडलं असंच धरा. गिऱ्हाईकाचा वेळ तुमच्या वहीत लिहिलेला नसतो, पण तो मोजला जातो.

विजेचाही हिशेब करा. कोराडीत वीज तयार होते म्हणून आपलं बिल माफ होत नाही! जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट समजा १०० वॅट घेतो. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालवला तर २० युनिट झाले. ३० वॅटचा लॅपटॉप तेवढ्याच तासांत ६ युनिट घेईल. तुमच्या बिलावरचा दर लावून फरक काढा. डेस्कटॉपला यूपीएस आहे की नाही, तेही बघा, नाहीतर वीज गेली की अर्धवट बिल गेलं.

शेवटी एक सांगतो

लिनक्स मोफत आहे, पण ते शिकण्यात तुमचा आठवडा जातो, आणि धंदा सुरू करणाऱ्याच्या आठवड्याला किंमत असते. म्हणून "फुकट आहे म्हणून" हे कारण पुरेसं नाही. तुमचं काम ब्राउझर, बिलं आणि हिशेब एवढ्यात बसत असेल, तर घरातलं मशीन पहिलं वर्ष-दोन वर्षं आरामात काढून देऊ शकतं. तेवढ्या काळात धंदा कमवायला लागेल, आणि पुढचा कॉम्प्युटर भांडवलातून नाही, नफ्यातून येईल. व्यवसायात वस्तू घेण्याची योग्य वेळ तीच.

तर या रविवारी तीन गोष्टी करा: कामांची यादी लिहा आणि गोल काढा, रॅम-प्रोसेसर नोंदवा, आणि ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह मोकळा करा. तुमचं मशीन कोणतं आणि धंदा कोणता, एवढं व्हिडिओखाली लिहा. कोणतं काम अडलं तेही मोकळेपणाने लिहा, कारण तुमच्यासारखंच मशीन घरात असलेल्या दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल.

भेटू पुढच्या भागात. तोवर वही भरत राहा!